निराशेची बेटे आणि उपाशी नावाचे शेत

लिहून ठेवणार मी, दिनकरराव आश्रुबा रोडगे, धंदा मास्तरकी व थोडी शेती, राहणार मौजे वालूर, जिल्हा परभणी. माझे डोके ठिकाणावर आहे. खात्री करून घेण्यासाठी आज सकाळी मी पूर्णा, दुधना आणि गोदावरी यांची उगमस्थाने मनातल्या मनात म्हणून पाहिली, कुठे अडलो नाही. हा कागद मी राजीखुशीने लिहीत आहे. ‘कोणाच्याही धाकाखाली नाही’ असेही लिहावे लागते, असे सेलूच्या वकिलांनी सांगितले होते. ते मात्र मला खरे लिहिता येत नाही. कोणा एकाचा धाक नाही, सगळ्याचाच आहे.

कारण असे की गावोगाव बंदुका घेऊन खाकी कपड्यातले लोक फिरत आहेत. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही. कागद कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही आणि वाचणाऱ्याला न लिहिता कळते. गेल्या बाजाराच्या दिवशी दक्षिणेकडे आभाळात धूर दिसला. कोणी म्हणाले कडब्याची गंजी पेटली, कोणी म्हणाले गाव. विचारायला मात्र कोणी गेले नाही, मीही नाही. आमच्या गल्लीतली निम्मी घरे कुलूप लावून हद्दीपलीकडे वऱ्हाडात निघून गेली आहेत. आमचे जावई मुंजाजी आधीच तिकडे पळून गेलेल्यांच्या छावणीत आहेत. ‘बायकोला अलीकडे ठेवू नका, घेऊन या,’ असा त्यांचा निरोप आला आहे आणि माझ्या मुलीला नववा महिना लागला आहे.

म्हणून जायचे ठरले. सटवाजीची बैलगाडी, जिंतूरचा रस्ता, मग येलदरीला पूर्णा उतरायची. श्रावणातली पूर्णा म्हणजे दोन्ही थड्या भरून. तिथले लोक गूळ करायच्या काहिलीत माणसे बसवून पैलतीरी नेतात. मी जन्मभर मुलांना महासागर शिकवले, पण स्वतः गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेलो नाही.  वाटेत माझे काही झाले तर मागे भांडणे नकोत, यासाठी हे मृत्युपत्र.

कलम पहिले. राहते घर, परसातल्या आडासह, माझी पत्नी कस्तुराबाई हिला द्यावे. स्वयंपाकघराच्या माळवदाला गळती आहे. ती काढायला वर चढावे लागते आणि आमची शिडी शेजारी किशनराव यांच्याकडे आहे. किशनरावांनी ती लेकीच्या लग्नात मांडव घालायला नेली होती. त्या लेकीला आता मुले झाली. तरी शिडी मी या कलमाने त्यांनाच देतो, म्हणजे निदान ती त्यांनी हक्काने वापरली असे होईल. गळतीच्या दिवशी मात्र त्यांनी ती घेऊन यावे.

हे लिहीत असताना कस्तुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, “अवो, मेल्यावर कुनाला काय द्यायचं ते लिवायलाव, पर सकाळपसून पोटात घोटभर पानी न्हाई. आदी जिते ऱ्हावा.” मी पाणी प्यालो. त्यातले थोडे या कागदावर सांडले. फिसकटलेल्या अक्षरांवरून कोणी मला वेडा ठरवू नये.

कलम दुसरे. शाळेतला पृथ्वीचा गोल शाळेकडेच राहावा. विकतचा गोल मिळेना, म्हणून मी कुंभाराकडून गोल मडके करून घेतले, त्यावर कागद चिकटवले आणि निळीने समुद्र रंगवला. मडक्याचे तोंड दक्षिण ध्रुवावर आले आहे. तिथे बर्फच असल्यामुळे कोणाचे नुकसान झालेले नाही. एका तपासनीस साहेबांनी ‘ही पृथ्वी पाणी भरायची वाटते’ असा शेरा मारला होता. त्यांना हा गोल दाखवू नये आणि त्यांनी मागितला तरी देऊ नये.

या गोलावर हळदीचे बारीक ठिपके आहेत, ती दूरची बेटे. प्रत्येकाशेजारी माझ्या हातचे नाव आहे. ही नावे कशी पडली हे मी दरवर्षी शिकवीत असे आणि सगळ्या भूगोलात मुलांना तेवढेच लक्षात राहत असे. एक डच कप्तान ईस्टरच्या सणादिवशी एका बेटाला लागला, त्याने ईस्टर बेट म्हटले. एक इंग्रज नाताळच्या दिवशी दुसऱ्या बेटाजवळून गेला. खाली पाऊलही टेकवले नाही, तरी नाव ठेवून गेला, ख्रिसमस बेट. मॅगेलनच्या जहाजाची होडी कुठल्याशा बेटावरच्या लोकांनी पळवली, तर त्या सगळ्या बेटांची नकाशावर ‘चोरांची बेटे’ झाली. एका कप्तानाला नांगर टाकायला जागा मिळेना आणि किनाऱ्यावरचे लोक भाले घेऊन उभे, ती झाली ‘निराशेची बेटे’. कुकला एका ठिकाणी लोकांनी उतरू दिले नाही, ते ‘रानटी बेट’. आणि जिथे त्याला झाडपाला दिसेना, ते ‘उजाड बेट’.

मुले खूप हसत. आमच्या शिवारात ज्याने पहिल्यांदा नांगर घातला तो शेताला नाव देतो आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच चालते. त्यामुळे मुलांना हे ओळखीचे वाटे. आमच्याच शेताचे नाव ‘उपाशी’ आहे. माझ्या आजोबांनी ते फोडले त्या वर्षी दुष्काळ पडला आणि पेरलेले बीसुद्धा हाती आले नाही, तेव्हा रागाने ठेवलेले नाव. आज आमच्या घरची निम्मी ज्वारी त्या उपाशीतच पिकते.

कलम तिसरे. यात कोणाला काही देणे नाही, पण पुढचे कलम समजावे म्हणून लिहितो.

मला व कस्तुराबाईला पहिली मुलगी झाली. मी नवा शिकलेला, मोठ्या हौसेने नाव ठेवले विमला. ती पाळण्यातच गेली. दुसरी लीला, तिलाही दात आलेले पाहायला मिळाले नाहीत. मग मुलगा झाला. बारशाला गाव जेवू घातले आणि बन्सीधर म्हणून हाक मारली. तो त्या दोघींपेक्षा थोडा अधिक राहिला, इतकेच. चौथ्या वेळी माझी आई बायनाबाई हिने मला विचारलेच नाही. तिने मूल माझ्या हातून काढून घेतले आणि अंगणातल्या दगडावर उघडे ठेवले. सुईण कडूबाई हिने सूपभर ज्वारी देऊन ते मूल विकत घेतले आणि मग आमच्याकडे सांभाळायला दिले. म्हणजे मूल आमचे नव्हेच. नाव ठेवले दगडा. दगडाचा कोणाला मोह पडतो? सटवीला नाही, मरीआईला नाही, मरणाला नाही. मी आईला अडाणी म्हणालो. ती म्हणाली, “तुजी शानी नावं तिनी मातीत गेली. आता माजं अडानी नाव बग.”

ती मुलगी जगली. तिला मी शिकवले. लग्न झाले, आता तिला मूल होणार आहे. आणि मला आजपर्यंत कळलेले नाही की ती का जगली. आईचे खरे होते असे म्हणायला बुद्धी धजत नाही, खोटे होते म्हणायला छाती होत नाही. मी तिला घरात ‘बाई’ म्हणतो. दगडा म्हणून हाक मारली आणि आवाजात माया आली तर फसवणूक उघडी पडेल, कोणीतरी ऐकेल, हे मूल या घराला प्राणापेक्षा प्यारे आहे हे त्याला कळेल, अशी मला भीती वाटते. एवढ्या वर्षांत एकदाही मी तिला मोठ्याने तिच्या नावाने हाक मारलेली नाही.

कलम चौथे. उपाशी नावाचे शेत, बांधावरच्या दोन लिंबांसह, माझ्या मुलीच्या पोटी जे मूल येईल त्याला द्यावे. चुलतभाऊ अप्पाराव यांचा या शेतावर फार दिवसांचा डोळा आहे. बांध कोरत कोरत ते आमच्या हद्दीत आलेच आहेत, मी मेलो की लिंबांपर्यंत येतील. त्यांना या मृत्युपत्राने काही दिलेले नाही. ते विसरून राहिले असे नसून आठवणीने दिलेले नाही. वकिलांनी बजावले होते की ‘होणारे मूल’ असे मोघम लिहू नका, नाव लिहा, नाही तर अप्पाराव कज्जा करतील. म्हणून मी लिहितो की मुलगा झाल्यास त्याचे नाव उकिरडा व मुलगी झाल्यास धोंडाबाई ठेवावे. दुसरे कोणतेही नाव ठेवू नये. ठेवल्यास शेत मिळणार नाही.

इथवर लिहून झाले तेव्हा दुपार होती. मुलगी ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. मी शाई वाळायला कागद पाटावर ठेवला आणि तिने तो उचलून वाचला. तिला वाचता येते ही माझीच करणी. कडूबाईही तिथेच होती. आता म्हातारी झाली आहे, पण अजून गावातली सगळी बाळंतपणे तिच्याच हातची. पुढे जे बोलणे झाले ते मी मृत्युपत्रात लिहीत आहे, कारण त्यावाचून पुढचे कलम कोणाला कळणार नाही.

मुलगी म्हणाली, “नाना, शेत देता आन् नाव धोंडा म्हंता?”

मी म्हणालो, “तुझ्या लेकराच्या भल्यासाठीच आहे बाई.”

कडूबाई म्हणाली, “मास्तर बराबर म्हनतेत गं. मी बी कडूच हाय ना? माज्या आदीचे चार गेले. कडू नाव ठिवलं म्हनून मी उरले, न्हाई तर तुजी नाळ कापाया कोन असतं?”

मुलगी माझ्याकडे वळली. मला म्हणाली, “नाना, त्या उजाड बेटाला उजाड कोन म्हनलं?”

“कप्तान कुकने.”

“आन् निराशेच्या बेटावर निराश कोन झालं? बेट झालं का कप्तान?”

“कप्तान झाला.”

“मंग? तितं मान्सं ऱ्हात व्हती, लेकरं खेळत व्हती, त्याह्यला कुनी इचारलं का? कप्तानाला भेव वाटलं आन् त्यानं आपलं भेव बेटाच्या कपाळी चिकटवलं. तुमीच सांगायचे साळंत, आन् पोरं हसायची. तुमी आता त्येच करायलाव.”

मी पिटकर्न बेटाचा दाखला दिला. ते बेट पंधरा वर्षांच्या एका पोराला डोलकाठीवरून आधी दिसले, म्हणून कप्तानाने त्या पोराचेच चांगले घरंदाज नाव बेटाला दिले. आणि तो पोरगा पुढे काही वर्षांत समुद्रात नाहीसा झाला. चांगले नाव असे उघड्यावर मांडले की काय होते ते बघ, असे मी म्हणालो.

“त्यो जहाज बुडाल्यानं गेला नाना, नावानं न्हाई गेला,” ती म्हणाली. मग तिने कागद पाटावर परत ठेवला. “मला बी भेव वाटायलंय. लय वाटायलंय. रातच्याला पोटावर हात ठिवून मी जागीच असते. पर मला उभा जल्म समदे दगड म्हनलेत, आन् तुमी त्ये बी म्हनला न्हाईत. तुमी नुसतं बाई म्हनता. माज्या लेकराला तसं न्हाई करू देनार. शेत नगं मला. अप्पारावकाकाला द्या.”

 ज्याला सगळ्या पृथ्वीवरच्या नावांची माहिती आहे त्याला स्वतःच्या मुलीचे नाव घेता येत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होते. तिने ते कधी बोलून दाखवले नव्हते. मी आत जाऊन देवापाशी बसलो आणि तिथेही मला भीतीच वाटत राहिली.

हे सगळे कालचे. आज पहाटे तिच्या कळा सुरू झाल्या. कस्तुराबाई आणि कडूबाई आत, मी माजघराच्या दाराबाहेर. इतक्यात सटवाजी धावत आला. म्हणाला, “मास्तर, खाकीवाले पाटलाच्या गढीवर उतरल्यात. दुपारपावतर हिकडं येतील. गाडी जुपायलाव मी, चला.” मी म्हणालो, आत काय चालले आहे ते बघ. तो दारातच मटकन खाली बसला. मी दाराला कान लावला. 

मूल झाले पण रडले नाही. आतून फक्त कडूबाईचा आवाज येत होता, ती मुलाच्या पाठीवर थापट्या मारीत होती आणि देवाला शिव्या देत होती. विमला, लीला, बन्सीधर हे तिघेही त्या दाराआड गेलेले आहेत. मला खात्री झाली की कागदावर उकिरडा लिहिले, धोंडा लिहिले, तरी मरण आले आहे आणि आत उभे आहे. त्याला नावाने फसवता येत नाही.

मग मूल रडले. इतक्या मोठ्याने रडले की माझ्या मनात पहिला विचार आला, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल. नातवंड जगले याचा आनंद नंतर झाला, आधी हा विचार आला. हे लिहिताना मला लाज वाटते, पण असेच झाले.

मुलगी झाली आहे. बाळंतिणीला दहा दिवस उठवू नये असे कडूबाई म्हणते आणि तेच खरे आहे, पण थांबता येत नाही. गाडीत कडबा घालून वर गोधड्या अंथरल्या आहेत. कडूबाई स्वतःहून गाडीत चढून बसली आहे, तिला कोणी या म्हटले नव्हते. निघण्यापूर्वी मुलीने मला आत बोलावले. तिचे तोंड पांढरे पडले होते, पण नजर कालचीच होती.

“नाना, बारसं वऱ्हाडात करू. पर नाव हितं लिवा. तुमच्या हातानं, कागदावर.”

“बाई, वाटेत नदी आहे, हे लोक आहेत. पलीकडे गेल्यावर लिहितो.”

“पल्याड गेलो न्हाई तर?” ती म्हणाली. “मंग तिचं नाव कुनालाच ठावं ऱ्हानार न्हाई.”

मी विचारले, काय नाव.

“सोनाबाई.”

तिला न्यायला परत आत आलेली कडूबाई ऐकत होती. तिने कपाळावर हात मारून घेतला. कस्तुराबाईने पदर तोंडावर धरला. लोक तांब्याची भांडीसुद्धा जमिनीत पुरून पळत आहेत, अशा दिवसांत हे नाव. मी म्हणालो, “हळू बोल.” तेव्हा ती पुन्हा बोलली, आधीपेक्षा मोठ्याने, “सोनाबाई.”

म्हणून कलम चौथ्यातील नावाची अट मी माझ्या हाताने खोडली आहे व शेजारी सही केली आहे. ती खोडाखोड चूक समजू नये.

कलम पाचवे. उपाशी नावाचे शेत मी माझी मुलगी दगडाबाई हिची मुलगी सोनाबाई हिला देतो. ती जाणती होईपर्यंत दगडाबाईने शेत पाहावे. शेताचे नाव बदलायचे किंवा तेच ठेवायचे, ते सोनाबाईने मोठेपणी ठरवावे. अप्पारावांनी ठरवू नये, आणि मीही ठरवीत नाही.

दोन नावे लिहिली. माझी भीती गेलेली नाही. दगडाबाई लिहिताना एकदा आणि सोनाबाई लिहिताना एकदा मी दाराकडे बघितले. तिथे कोणी नव्हते. नव्हते म्हणून येणार नाही असे मी म्हणत नाही.

कलम सहावे व शेवटचे. येलदरीपर्यंतच्या वाटेत सोनाबाई रडली तर तिच्या तोंडावर कोणी हात ठेवू नये. गाडीजवळून कोणीही जात असले तरी ठेवू नये. छावणीत जाऊन आलेल्या लोकांकडून मी ऐकले आहे की भीतीने माणसे असे करतात आणि मग मूल पुन्हा रडत नाही. गाडीत सगळ्यांत भित्रा माणूस मी आहे. तेव्हा हे कलम माझ्यासाठी आहे. माझा हात तिच्या तोंडाकडे गेला तर सटवाजीने तो धरावा, मी घरचा कर्ता आहे म्हणून संकोच करू नये. मला गाडीतून उतरवावे लागले तर उतरवावे.

याआधी मी कोणताही असा लेख केलेला नाही. काहीही झाले तरी हा कागद किशनरावांकडे राहील. ते गाव सोडणार नाहीत असे म्हणतात.

सही : दिनकरराव आश्रुबा रोडगे

मुक्काम वालूर, श्रावण वद्य पंचमी, शके १८७०, माहे मेहर १३५७ फसली

साक्षीदार :
किशनराव, राहणार वालूर, दस्तुर खुद्द.
सटवाजी, गाडीवान, राहणार वालूर, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

आम्ही साक्षीदार लिहून देतो की दिनकररावांनी वरील मजकूर आमच्यासमोर स्वतः लिहिला व सही केली. सही झाल्यावर त्यांनी गाडीपाशी उभे राहून आपल्या मुलीला तिचे पूर्ण नाव घेऊन मोठ्याने हाक मारली. ती आमच्यासह सगळ्या गल्लीने ऐकली आणि गाडीतून तिने ओ दिली.